जावयाचा गुडघा

उशी कुणी ठेवली, असं डॉक्टरनी विचारलं. पुण्याला लष्कराचा दवाखाना हाय, तिथं नकली पाय बसवतात. आमचे जावई भागवतराव टेबलावर आडवे होते, डावा पाय गुडघ्याखाली वीतभर उरलेला, अन् डॉक्टर तो पाय खाली दाबून सरळ करायला बघत होते अन् तो सरळ होत नव्हता. वाळल्या फांदीसारखा वाकून बसलता. माझी लेक रेखा जमिनीकडं बघायला लागली, भागवतराव छताकडं. मी म्हणलं, मी ठेवली. डॉक्टर म्हणले, किती दिवस. मी म्हणलं, घरी आले त्या दिवसापासून, अडीच महिने. रोज का, म्हणले. मी म्हणलं, रोज, बसले तरी अन् निजले तरी.

त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. ते नुसतं म्हणले, आजी, पाय उशीवर वाकडा ठेवून ठेवून गुडघ्यामागच्या शिरा आखडल्या. वाकड्या गुडघ्याला नकली पाय बसत नाही. दोन महिने देतो. तोवर सरळ झाला तर ठीक, नाही झाला तर गुडघ्याच्या वरून कापायचा विचार करावा लागेल. जावई लष्करात, सुरुंगात पाऊल गेलतं, काश्मीरकडच्या डॉक्टरांनी नडगीत कापून गुडघा वाचवलता. गुडघा असला की माणूस चालतो, गुडघा गेला की चालणं लई अवघड, हे पुण्याच्या डॉक्टरनी मला तिथंच सांगितलं. म्हणजे सुरुंगानं सोडलेला गुडघा मी उशीनं घालवायला निघालते.

माझं नाव कौसल्या. माहेर लिंबागणेशकडचं, सासर चौसाळ्यापासून आत, डोंगराच्या कडंला. चौथीपर्यंत शाळा झाली, पाचवीची शाळा लांब होती म्हणून संपली. लग्न झालं अन् दुसऱ्या महिन्यात ऊस तोडायला गेलो, नवरा तोडायचा, मी मोळ्या बांधायची, डोक्यावर घेऊन गाडीला लावलेल्या फळीवरून वर चढायची. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आमच्यात, तसा आमचा कोयता बावीस हंगाम चालला. मग तो तापानं गेला अन् मी घरी राहिले. तीन लेकी, रेखा शेंडेफळ. हे कशाला सांगते, तर मला कष्टाचं भ्या नव्हतं अन् रडायची सवय न्हाई. मला वाटायचं, माणसाच्या अंगाला काय काय सोसतं ते सगळं मी बघितलं. ते काही खरं नव्हतं.

भागवतराव दिंद्रुडकडचे. आई-बाप न्हाईत, एक थोरला भाऊ, तो बायको घेऊन कर्नाटकात ऊस तोडायला जातो अन् हंगाम सरला तरी तिकडंच मजुरी करतो, वर्षभर घराला कुलूप. लष्करातला पोरगा म्हणून आमी रेखाला दिली. लग्नाला दीड वर्ष झालतं अन् फोन आला, काश्मीरकडं गस्तीवर सुरुंग फुटला, पाय गेला, जीव हाय. रेखा तिकडं गेली, दवाखान्यातच राहिली. टाके सुकल्यावर त्यांना सुटी दिली, जखम पूर्ण भरू द्या, मग पुण्याला पाय बसवायला या म्हणले. आता घरी म्हणजे कुठं. दिंद्रुडच्या घराला कुलूप. मी म्हणलं, माझ्या घरी आणा.

इथंच चुकलं. आणलं ते चुकलं न्हाई. आणलं ते जावई म्हणून आणलं.

तुमी इकडचे असाल तर तुमाला माहीत असंल. जावई दारात आला की सासूनं डोक्यावरचा पदर पुढं ओढायचा, त्याच्या बरोबरीनं बाजेवर बसायचं न्हाई, त्याच्या अंगाला हात लागू द्यायचा न्हाई. त्यानं पाणी मागायच्या आत तांब्या पुढं, ताटावरून उठला की हातावर पाणी. जावयानं सासुरवाडीत काडी उचलली तर गाव आम्हाला हसतं. त्यात हे आले ते नेमके धोंड्याच्या महिन्यात. तीन वर्षांनी येतो तो, जावयाचा महिना, त्याला बोलावून त्याचे पाय धुवायचे, धोंडे करून घालायचे, तेहतीस अनारसे द्यायचे. मी परात मांडली. चुलत जाऊ गिरजा दारातून बघत होती, तिला बघायचंच होतं आता ही काय करती. मी एक पाय धुतला. दुसऱ्याला हात लावायचं मला झालं न्हाई, त्याच्यावर लांबूनच पाणी सोडलं. तर तेच म्हणले, मामी, पाय दीडच धुतला, पण धोंडे पुरे वाढा. गिरजा हसली, रेखा हसली, मी पदरात तोंड घातलं. त्या दिवशी मला वाटलं हा माणूस आतून धड हाय, नुसता पाय गेला. हेबी काही खरं नव्हतं.

मग मी माझ्या हातानं कापूस पिंजून नवी उशी केली, लाल खोळ घातली, अन् त्या वीतभर पायाखाली ठेवली. वर उचलून ठेवलं की बरं वाटायचं त्यांना, तोंडावरनं कळायचं. रेखा म्हणायची, दवाखान्यातून कागद दिलाय, त्यात काय काय लिहिलंय. कागद हिंदीत होता, पेटीत होता. मी म्हणलं, कागदाला काय कळतं, त्याच्या घरी सासू हाय का.

अन् गाव. गावानं काय कमी केलं का. आज शाळेत सत्कार, उद्या सोसायटीत सत्कार, परवा बीडवरून पुढारी येणार म्हणून चौसाळ्यात मांडव. जीप यायची, त्यांना उचलून न्यायची, स्टेजवर मोठ्या खुर्चीत बसवायची, तीन-तीन तास भाषणं, पाय गुडघ्यात वाकून लोंबकळतोय, संध्याकाळी घरी आणायचे तवा सुजून दुधीभोपळा झालेला. घरात एकवीस शाली जमल्या. नारळ इतके की गिरजाच्या म्हशीपुढंबी खोबरं पडलं. मला काय वाटायचं सांगू, मला वाटायचं लई मान झाला. माणूस बसवून बसवून वाकडा होतोय हे आमच्या ध्यानातच आलं न्हाई, कावून की आमच्यात मान द्यायचा म्हणजे बसवायचंच. उभं राहायचं ते बाकीच्यांनी.

तर पुण्याच्या त्या दवाखान्यात एक मॅडम होत्या, व्यायाम करून घेणाऱ्या. लष्कराच्याच, केस कापलेल्या, बोलायला माझ्यासारख्या. त्यांनी सांगितलं, उशी बंद. खुर्ची बंद. दिवसातून चार वेळा गुडघा दाबून सरळ करायचा, तीस मोजेपर्यंत सोडायचा न्हाई. पालथं निजवायचं, पाय बाजेच्या कडेबाहेर काढायचा, त्याला वजन बांधायचं. पट्टी कशी बांधायची ते दाखवलं. मी म्हणलं, बांधायचं मला नका शिकवू, बावीस हंगाम मोळ्या बांधल्यात, अन् बांधून दाखवली. त्यांनी बघितली अन् सोडली. म्हणल्या, आजी, मोळीला मधी आवळतात, इथं मधी आवळलं तर पुढचं टोक सुजतं. टोकाला घट्ट, वर येईल तशी सैल, आठाच्या आकड्यासारखी. सात वेळा सोडली माझी, आठव्याला म्हणल्या हां. मला त्या बाईचा राग आला न्हाई. लई दिवसांनी मला कुणी तरी नीट काम शिकवत होतं.

त्याच दालनात मी बाकीचे बघितले. दोन्ही पाय मांडीपासून न्हाईत असा एक शीख गडी हातांवर पटापट चालत गेला, जाता जाता मला म्हणला, नमस्ते माँजी, अन् दुसऱ्या टोकाला जाऊन चेंडू टाकायला लागला. एकाला हात नव्हता, लोखंडी आकड्यात पेन धरून चिठ्ठी लिहीत होता, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. मी तिथं बाकावर बसले अन् हात आपसूक जोडले गेले. देवळात जाते मी, पण देवळात असं झालं न्हाई मला कधी. धड हातापायाची मी, सकाळी त्या दवाखान्याच्या गुळगुळीत जिन्याला बिचकलते.

घरी आलो. पहिल्या दिवशी दाबायला रेखा बसली. ती दाबायची, ते कण्हले की सोडून द्यायची. पुन्हा दाबायची, पुन्हा सोडायची, अन् रडायची. आठ दिवस असं झालं. गुडघा जिथल्या तिथं. दोन महिन्यांतले आठ दिवस गेले. नवव्या दिवशी मी रेखाला म्हणलं, उठ. पदर डोक्यावरनं काढून कमरेला खोचला. ते म्हणले, मामी, तुमी नको. मी म्हणलं, गप पड भागवत. त्या दिवशी तोंडातून जे तू निघालं ते परत तुमी झालं न्हाई.

एक हात गुडघ्याच्या वर, एक हात खाली, अन् दाबला. काय सांगू तुमाला, उसाचं गच्च भरलेलं वाहन दोराला धरून आवळतो ना आमी, तेवढा जोर. त्यानं ओरडायचं सोडून दात खाल्ले, घामानं बाज भिजली, मी मोजत राहिले, तीस झाल्याशिवाय सोडला न्हाई. सोडला अन् मागं दारी जाऊन तोंड धुतलं अन् परत येऊन दुसऱ्यांदा दाबला. दया करायची ती उशीत करून झालती.

किती सरळ झाला हे कसं कळणार, तर मी बाजेवर फळी टाकली, तिच्यावर पाय ठेवायला लावायची अन् गुडघ्याखालून हात घालून बघायची. पहिल्या दिवशी माझी उभी मूठ आरपार गेली. पंधरा दिवसांनी चार बोटं. मग तीन. मग दोन, अन् दोनावर जे अडकलं ते अडकलंच. दहा दिवस झाले, बारा झाले, दोनच बोटं. पायाला बांधायला मी जुन्या लुगड्याची पिशवी शिवून तिच्यात ज्वारी भरलती, ती जड केली, तरी दोन बोटं. तारीख जवळ यायला लागली. भागवत बोलायचा बंद झाला. आधी ती धोंड्यावरची मस्करी करणारा माणूस, आता भिंतीकडं तोंड.

एक दिवस सकाळी मी पिशवी बांधायला गेले तर त्यानं हिसकली अन् अंगणात भिरकावली. पिशवी फाटली, ज्वारी सगळीकडं. कोंबड्या आल्या. म्हणला, कापू द्या वरून, काय फरक पडतो. रेखा झाडू घेऊन धावली. मी झाडू घेतला तिच्या हातातून. म्हणलं, ज्यानं सांडली तो वेचंल. रेखा म्हणली, आई, अगं जावई हाय तो. मी म्हणलं, जावई असो का जमादार, ज्वारी सांडली की वेचायची असती, आमी धान्य फेकायला पिकवत न्हाई.

तो माझ्याकडं बघत राहिला. मी आत जाऊन चुलीपुढं बसले. मला वाटलं आता कुबड्या घेतो अन् दिंद्रुडला जातो, भावाच्या बंद घरापुढं जाऊन बसतो. गेला असता तर मी अडवलं नसतं, तेवढी ताठ मीबी होते. बऱ्याच वेळानं डोकावलं तर तो बाजेवरून खाली उतरून अंगणात पालथा पडलता, कोपरांवर, अन् एक एक दाणा वेचून परातीत टाकत होता. लष्करात सरपटायला शिकवतात म्हणं, तसा सरकत होता. ऊन अंगणातून भिंतीवर गेलं तोवर वेचत होता. अन् मी पायाकडं बघितलं. तो वीतभर पाय जमिनीला सपाट टेकलेला होता, अन् इतक्या वेळात तो एकदाबी कण्हला नव्हता.

तवा मला उमगलं. दाबताना त्याचं सगळं ध्यान दुखण्यात असायचं, म्हणून तो पाय आखडून धरायचा, मी एकीकडं ओढायची अन् तो न कळत दुसरीकडं. हाताला काम लागलं अन् पायानं हट्ट सोडला.

दुसऱ्या दिवसापासून मी त्याला दळण निवडायला दिलं. बाजेवर पालथा, पाय कडेबाहेर, पायाला पिशवी, उशाशी सूप. ज्वारी निवडून झाली की हरभरा, हरभरा झाला की तांदूळ. घरातलं संपलं. गिरजा आली अन् कंबरेवर हात ठेवून म्हणली, कौसल्याबाई, जावयाला दळण निवडायला लावतात का कुठं, आता धुणंबी द्या. तर हा पडल्या पडल्या म्हणतो, द्या की काकू, पण चादरी नको, वाळत घालायला उभं राहावं लागतं. गिरजा फणकारून गेली. चार दिवसांनी तीच पायलीभर ज्वारी घेऊन आली, म्हणली, माझे डोळे गेलेत, तुझा जावई बरं निवडतो. मग आळीतल्या सगळ्याच यायला लागल्या. जीप यायची बंद झालीच होती, एकदा आलती तर मी सांगितलं, त्याला वेळ न्हाई, दळण हाय. भागवत निवडायचा तो लष्करी निवडायचा, खडे एका रांगेत लावून ठेवायचा, बारीक ते मोठा. त्या दिवसांत आमच्या आळीत कुणाच्या भाकरीत खडा लागला न्हाई.

पण मी दाबायचं सोडलं न्हाई, चार वेळा म्हणजे चार वेळा. दोनाचं एक बोट झालं. मग करंगळी. मग करंगळीबी अडायला लागली.

तारखेला पुण्याला गेलो. त्याच टेबलावर घेतलं. डॉक्टरनी गुडघ्याखाली हात घालून बघितला, मग खिशातून कागद काढून सरकवून बघितला, तो अडला. त्यांनी त्या मॅडमकडं बघून मान हलवली, अन् मॅडम म्हणल्या, माप घ्या.

मला वाटलं झालं आता, पाय चढवायचा अन् चालायचं. तिथनं पुढं पाच महिने लागले. नातेवाइकांच्या खोलीत मी अन् रेखा आळीपाळीनं राहिलो. पहिल्यांदा तो दोन दांड्यांच्या मधी उभा राहिला तवा मी समोर होते. लेकरू उभं राहतं, वासरू उभं राहतं, मी आयुष्यभर उभी राहिले, उभं राहणं हे केवढं काम असतं मला कधी कळलं न्हाई. त्याच्या अंगातला एक एक स्नायू थरथरत होता, मानेच्या शिरा फुगल्या, नकली पायाकडं बघून त्याच्यावर भार टाकायचा, अन् तो पाय काही सांगत न्हाई, खाली जमीन हाय का खड्डा. अंधारात फळीवर पाय टाकावा तसं, अन् तेबी प्रत्येक पावलाला. कातडं सोलून निघायचं, रक्त यायचं, पाय काढून ठेवायचा, सुकलं की पुन्हा. तिथं पडायचंबी शिकवतात. गादी टाकून सांगतात, आता पड, असा पड, आता कुणाचा हात न धरता उठ. शंभरदा पडायचा अन् शंभरदा उठायचा. मी मोळी घेऊन फळीवर चढायची तवा लोक म्हणायचे कौसल्या वाघीण हाय. असू दे. ह्याच्यापुढं ते काहीच न्हाई.

नोकरी राहिली त्याची, हलकं काम दिलं, भांडाराचं. आता रेखा अन् तो तिकडंच असतात. मागच्या उन्हाळ्यात आलते, रस्त्यावर जीपमधून उतरून घरापर्यंत चालत आला, चढ हाय आमचा, दगडाचा. मी दारात उभी होते, पुढं गेले न्हाई. पदर घेतला न्हाई डोक्यावर, त्यानंबी मनावर घेतलं न्हाई.

दुपारी रेखा गिरजाकडं गेलती. आमी दोघंच ओट्यावर. माझ्या मनात लई दिवस होतं ते मी विचारलं. म्हणलं, भागवत, तुला ठाऊक होतं ना उशी ठेवायची नसती. तुला हिंदी येतं, कागद तुझ्याच पेटीत होता. कावून बोलला न्हाईस.

आधी म्हणला, सासूला नको कसं म्हणू. मी म्हणलं, खरं सांग. मग त्यानं नकली पाय काढून शेजारी ठेवला, मोजा सरळ केला. अन् मग म्हणला, मामी, ठाऊक होतं. पण मला सरळ उभं राहायचंच नव्हतं. सगळे शाल घालायचे तवा मला वाटायचं, ही माझी न्हाई. वाकडा राहिलो असतो तर बरं, असं वाटायचं. मी म्हणलं, मग दळण कावून निवडलंस. म्हणला, तुमी जमादार म्हणला तवा हसू आलं, एवढा मोठा हुद्दा मला कुणी दिला नव्हता. अन् वेचायला लागलो तर वाटलं, एवढं तर संपवू.

मग त्यानं मला त्या दिवसाचं सांगितलं. तोवर त्यानं रेखालाबी सांगितलं नव्हतं. नावं सांगितली, कोण पुढं होता, कोण मागं, कुणाची पोरगी किती वर्षाची होती. तुमालाबी ती नावं सांगत न्हाई, ती त्यांच्या घरच्यांची हायेत. देव त्या घरांना धीर देवो, अन् पाय साथ देतोय तोवर ह्याला चालू देवो, एवढंच मी म्हणते.

गस्तीवर चौघं गेलते. दोघं तिथंच गेले. दोघं राहिले, एक हिमाचलचा गडी अन् एक आमचा भागवत.